शेकाची जमीन

आमच्या घरमालकांना 'गरम' हा शब्द चालत नसे. "पाणी गरम आहे" असं कुणी नुसतं म्हटलं की मालक चालता चालता थांबायचे. "गरम म्हणजे काय? तवा गरम, डोकं गरम, बाजारभाव गरम. नेमकं बोला." मग खांद्यावर टॉवेल टाकून अंघोळीला निघालेल्या त्या बिचाऱ्या भाडेकरूला तिथेच उभं करून शिकवणी सुरू व्हायची. होळीजवळ उभं राहिलं की लागते ती धग. दुपारच्या रस्त्यावरून तोंडावर येते ती झळ. भांड्याखाली असते ती आच, दुखऱ्या पाठीला देतात तो शेक, आणि मांजर शोधत फिरतं ती ऊब. शिकवणी संपेपर्यंत बादलीतलं पाणी पार निवून जायचं. "आता हे काय झालं?" ते विचारायचे. भाडेकरू हताशपणे "कोमट" म्हणाला की मालक खूश.

तरुणपणी ते शाळामास्तर होते. ते सोडून त्यांनी वाडवडिलांची नारळाची वाडी सांभाळली, पण मास्तरकी अंगातून गेली नाही. उंच, काटकुळी मूर्ती, कमरेला पंचा, अंगात बंडी, कानामागे सुताराची पेन्सिल आणि ऐन मे महिन्यात गळ्यात लोकरी मफलर. कानाला वारा लागतो म्हणे. घाम पुसायलाही तोच मफलर. कुणाच्या पोराला ताप आला की त्याच्या कपाळाला उलटा हात लावून सांगायचे, "ताप नाही, नुसती ऊब आहे. खेळू दे," आणि ते बहुतेक खरं निघायचं.

आम्ही सांगलीकडची माणसं. साठच्या दशकात तारापूरला समुद्राकाठी विजेचं मोठं घर उभं राहत होतं, तिथे एका कंत्राटदाराकडे आमच्या ह्यांना वायरमनचं काम मिळालं. घाटावरून, वऱ्हाडातून, उत्तरेतून, कुठून कुठून माणसं आली होती. बोईसर स्टेशनवरून सरावलीकडे जाणाऱ्या रस्त्याला मालकांचं घर. मागच्या अंगाच्या खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या होत्या. लग्न होऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं, तेव्हा मी ट्रंक, पोतं, पाटा-वरवंटा आणि आईने दिलेली लोखंडी शेगडी घेऊन त्या दारात उतरले. मालक ओट्यावर उभे होते. त्यांनी ट्रंक पाहिली, पोतं पाहिलं, मग शेगडी उचलली, नारळाच्या खोलीत नेऊन ठेवली आणि वर कुलूप घातलं.

"या घरात कोळसा पेटत नाही," म्हणाले. "चूल बाहेर पडवीत, उघड्यावर. आत स्टोव्ह वापरा. घर सोडाल तेव्हा शेगडी परत मिळेल."

मी काय कमी होते? म्हटलं, "माझ्या आईने दिलीय ती."

"म्हणून तर कुलपात ठेवली."

त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात चक्रम म्हणायला लागले. वरवर 'मालक', आत 'चक्रम'. आज विचाराल तर छाती फुगवून सांगेन की मी त्यांची भाडेकरू होते. आणि त्यांच्या घरात जी जमीन झाली, तशी साऱ्या तालुक्यात कुणाच्या घरात नव्हती, तीत माझाही हात होता. उगीच नाही सांगत. हे हात दुखून आले होते.

घरात मालक आणि त्यांची विधवा थोरली बहीण, एवढीच माणसं. तिला सगळे आत्या म्हणत. आत्या म्हणजे ठेंगणी, भरीव, पहाटेपासून अंगणात उभी. तिचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा. मालक गावभर शहाणपण शिकवत, पण आत्यापुढे ब्र काढत नसत. आमटीत मीठ जास्त झालं तरी ते माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे आणि निमूट जेवायचे. मला वाटायचं, बहिणीला भितात.

खरं काय ते मला म्हावरेवालीने सांगितलं. किनाऱ्यावरून रोज मासळीची टोपली घेऊन यायची ती. एकदा मी तिच्यापाशी शेगडीचं रडगाणं गायला लागले, तशी तिने टोपली खाली ठेवली आणि आवाज उतरवला.

"बाय, ते घरात कोलशाचं नाव नको घेऊस. तुज्या घरमालकाची बायको बालंतीन झाली ना, तवाचं हाय. पावसाचं दिस. खोली बंद नि बाजेखाली शेगडी. पोर रडत होती म्हणून तिला तेवढी भायेर आनली होती. सकाली बगतात तर आई गार. लोक बोलले दृष्ट लागली. हा कायच बोलला नाय. पन तवापासून घरात कोलसा नाय."

"शेगडी कुणी ठेवली होती?" मी विचारलं.

तिने अंगणात झाडू मारणाऱ्या आत्याकडे नुसती हनुवटी केली. "पोरीला तिनंच वाढवली, बाय. आईसारी."

त्यानंतर मी शेगडीचा विषय काढला नाही. आणि एक लक्षात आलं. मालक ऊब, धग, झळ, शेक सगळ्यावर बोलायचे, पण आत्या जवळपास असली की 'धूर' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. चूल पेटत नसली तर म्हणायचे, "आज चूल रुसली."

ती पोर, मालकांची एकुलती एक लेक, पालघरात दिली होती. संक्रांत झाली आणि तिला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, आषाढ-श्रावणात. घरात आनंदीआनंद. आत्याने बाळंतविड्याची दुपटी शिवायला घेतली, डिंक आणला, अळीव निवडले, आणि एके सकाळी माजघरात येऊन सांगितलं, "भाऊ, कोळशाची दोन पोती सांगून ठेव. पावसात मिळायचा नाय."

मालक वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न घेता म्हणाले, "कोळसा नाही, ताई."

"मग पोरीला शेक कसला देऊ? बाळंतिणीला बाजेखाली शेक नाय? लोक तोंडात शेण घालतील. नि तिची सासू? ती पोरीला पाठवायची तरी का?"

ते मात्र खरं होतं. पालघरहून व्याहीणबाईंचा निरोप लगेच आला. तुमच्याकडे शेगडी पेटत नाही असं ऐकतो. शेक नीट होणार असेल तर लेक न्या, नाहीतर बाळंतपण आम्ही इकडेच करू, आमच्याकडे सगळं रीतीने होतं. म्हणजे काय, तर पालघरच्या घरात पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून बाजेखाली कोळसा पेटणार, आणि त्या बाजेवर आईविना वाढलेली ही मुलगी. मालक दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले आणि म्हणाले, "ताई, शेक मिळेल. बाजेखालीच मिळेल. कोळसा नाही." कसा मिळेल, ते त्यांना तेव्हा मुळीच ठाऊक नव्हतं. ही त्यांची पद्धतच होती. आधी कबूल करायचं, मग मफलर आवळून विचार करायचा.

पहिला विचार निघाला पाण्याचा. जमिनीखाली लोखंडी नळ्या घालायच्या, त्यातून कढत पाणी फिरवायचं. आमच्या ह्यांनी विचारलं, "मालक, पाणी तापवणार कशावर?" मालक म्हणाले, "बंबावर." "आणि बंबात घालणार काय?" नळ्या परत गेल्या.

मग विजेचे दिवे. गावात वीज नुकतीच आली होती. लाकडी खोक्यात दिवे लावून ते खोकं बाजेखाली सरकवायचं. पेटवून पाहिलं तर खोलीत लग्नघराचा झगझगाट. आत्या दारातून बघून म्हणाली, "कोंबडीची पिल्लं उबवायची हायत काय?" आम्ही सगळे हसलो, मालकही हसले. पण नंतर ते खोकं त्यांनी खरोखरच शेजाऱ्याच्या कोंबड्यांना दिलं.

तिसऱ्यांदा स्टेशनजवळच्या दुकानातून विजेची शेगडी आणली, वेटोळ्याची तार तापून लाल होणारी. मालकांनी वर ओली पिशवी धरली, तिला डाग पडला. "ही आच झाली," म्हणाले. "आच नको. माझी पोर पोळी आहे का भाजायला?"

यजमानांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, साइटवर काही अमेरिकन साहेब होते. एकदा गप्पा मारता मारता आमचे हे म्हणाले की त्यातला एक जण सांगत होता, त्याच्या गावाला बर्फ पडतं, पण त्याच्या घरात जमिनीच्या पोटात विजेच्या तारा पुरल्यात, त्यामुळे माणसं हिवाळ्यात अनवाणी फिरतात. मालक पान लावत होते. चुन्याचं बोट तसंच हवेत राहिलं.

"जमिनीतून?"

"हो."

"दिसत काही नाही?"

"दिसायचं काय त्यात."

"आणि..." त्यांनी अंगणात नजर टाकली. आत्या विहिरीवर होती. मग हळूच विचारलं, "धूर?"

"धूर कसला, मालक? वीज ती."

पान तसंच टाकून ते उठले. दुसऱ्या दिवशी मासवणचा गवंडी दारात हजर, आणि बाळंतिणीच्या खोलीची जमीन उखडायला सुरुवात. गावाला मालकांनी सांगितलं, "दाराशी विजेचं कोठार उभं राहतंय आणि आपण फुंकणी घेऊन बसायचं? शोभत नाही." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला अमेरिकन खूळ लागलं. लागू दे वाटायला, असं त्यांचं धोरण होतं. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर आत्याच्या कानावर गेलं असतं.

आता आमच्या ह्यांचीही मला थोडी तारीफ करू द्या, नाहीतर ते वरून म्हणतील, सगळं श्रेय मालकांनाच. हे म्हणाले, तार लालबुंद होता कामा नये. लांबच लांब तार घ्यायची, वीज तिच्यात पसरू द्यायची, म्हणजे तार नुसती तापेल, पेटणार नाही. आणि तार उघडी नको, तिच्यावर चिनी मातीचे मणी ओवायचे. मुंबईच्या जुन्या बाजारातून तार आणि गोणपाटाची पिशवी भरून पांढरे मणी आले. ओवायचे कुणी? मी, आत्या आणि शेजारच्या वऱ्हाडातल्या वहिनी. ओट्यावर बसून आम्ही दिवसच्या दिवस मणी ओवले. आत्या ओवायची आणि भावाला शिव्याही द्यायची. "बाळंतिणीच्या भुईला मंगळसूत्र घालतोय हा. शेकाला विस्तव लागतो, विस्तव. मण्यांनी कुठं शेक होतो?" पण मणी तिचेच सगळ्यात घट्ट बसलेले. एकही सैल नाही. यजमान बघून म्हणाले, "आत्या, साइटवर या, कामाला लावतो." आत्या लाजली. मी तिला लाजताना तेवढं एकदाच पाहिलं.

एवढं सगळं झालं आणि गाडी अडली ती कोळशावर.

झालं असं की यजमान म्हणाले, अर्थिंग, म्हणजे चुकार वीज जमिनीत जिरवायची सोय, केल्याशिवाय मी वीज सोडणार नाही. बाळंतीण, ओलं अंग, पाण्याच्या घागरी, उद्या काही झालं तर? अंगणात खोल खड्डा घ्यायचा, त्यात तांब्याची पाटी उभी करायची आणि भोवती मीठ आणि लोणारी कोळसा भरायचा.

"कोळसा?" मालक म्हणाले. "या घरात नाही."

"मालक, पेटवायचा नाही. पुरायचा आहे."

मालक खड्ड्याच्या काठावर बसले. कितीतरी वेळ मफलरचं टोक चावत होते. आम्ही सगळे कामं सोडून बघत राहिलो. मग उठले, स्वतः बाजारात गेले, पोतं स्वतःच्या पाठीवरून आणलं. गवंड्याला हात लावू दिला नाही. पंचा खोचून खड्ड्यात उतरले आणि एक थर मीठ, एक थर कोळसा, असं पायांनी तुडवत तुडवत भरत राहिले. तुडवताना त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. वर माती लोटून झाल्यावर काळ्या हातांनीच त्यांनी पाण्याची कळशी ओतली. आत्या हे सगळं पडवीच्या खांबाआडून पाहत होती. तिने त्या दिवशी एकाही शब्दाने भावाची चेष्टा केली नाही.

जमीन झाली. खाली विटा, मग वाळू, वाळूत तारेचे वेढे, वर पुन्हा वाळू, जाळी आणि सगळ्यात वर शहाबादी फरशी. दिसायला चारचौघींसारखी. वीज सोडली. आता नेमकी किती तापली, ते मोजायचं कसं? मालक म्हणाले, त्यात काय, विरजण लावा.

खरंच सांगते, त्यांनी फरशीवर दुधाची वाटी ठेवली, थेंबभर ताक घातलं आणि वर टोपली पालथी घातली. पहिल्या दिवशी नुसतं चोथापाणी. "ही धग झाली." यजमानांनी फरशीबाहेरून आणखी तार जोडून तिचा जोर उतरवला. मग दूध दुधासारखंच राहिलं, जरासं आंबूस. "हे कोमट. कोमटाने कुणाचं भलं झालंय?" असे कितीतरी दिवस गेले. घरभर बिघडलेल्या दुधाचा वास आणि रोज आम्हा भाडेकरणींकडे कढी. शेवटी एका सकाळी मालकांनी टोपली उचलली, वाटी तिरकी केली, आणि दही हललं नाही. सुरी फिरवावी तर वडी पडेल असं. त्यांनी ती वाटी हातात घेऊन साऱ्या खोल्यांपुढून मिरवली. साइटवर निघालेल्या उत्तरेकडच्या गड्यांनासुद्धा थांबवून म्हणाले, "देखो, ये ऊब है." त्या बिचाऱ्यांना दही दिसत होतं. ते म्हणाले, "हाँ साहब, बढ़िया जमा है."

आणि मग आम्हा सगळ्यांची जिरली.

लेक यायच्या आधी आत्याने खोली झाडली-पुसली आणि बाज आणून ठेवली. तीच बाज, चांगली कमरेइतकी उंच. बाळंतीण बाजेवर, शेक बाजेखाली, ही जन्माची सवय. त्यात चूक कुणालाच दिसली नाही. मालकांनी सहज बाजेवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. सुंभाच्या विणीवर गार. शेगडीची धग वर उसळते, म्हणून बाज उंच. आमची ऊब फरशीला धरून बसणारी, ती एवढ्या उंचावर चढेल कशाला? एवढे मणी ओवले, खड्डा खणला, दुधाचं वाटोळं केलं, पण बाजेची उंची कुणाच्या डोक्यात आली नाही. मी तर कपाळाला हात लावून तिथेच बसले.

यजमान म्हणाले, "बाज काढून टाका. फरशीवर गादी घाला."

आत्या ताडकन म्हणाली, "बाळंतीण भुईवर? मी हाय तोवर नाय. बाज हवी नि खाली शेक हवा. तुमी काय ते बगा."

मालक करवत घेऊन आले. बाज उलटी केली, पेन्सिलीने पायांवर खुणा केल्या आणि चार बोटं राहतील एवढेच पाय ठेवून बाकीचे कापून टाकले. मग बाज सुलटी केली. ती पाहून हसू आवरेना. उंट बसल्यासारखी दिसत होती. आत्याने वर गोधडी टाकली, कडा जमिनीला टेकवल्या, आत हात घातला. उठताना तिने बाजेला नमस्कार केला.

व्याहीणबाई तपासणीला आल्या, तोंड वाकडं करूनच. आधी बाजेकडे बघून "अगंबाई, ही काय रांगतेय का?" म्हणाल्या. मग फरशीवर टेकल्या. पाय पसरले. पान लावलं. दुसरं लावलं. गाडीची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी म्हणाल्या, "माझी कंबर एवढी सुखात नाही टेकली कधी. पोरीला सोमवारी पाठवते." मालकांनी त्यांना स्टेशनपर्यंत पोचवलं. परत आले तेव्हा मफलर हातात होता, तो फिरवत फिरवत आले.

आषाढात लेकीला मुलगी झाली. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी सुखरूप सोडवलं आणि मायलेकी घरी आल्या. बाहेर नुसतं कोसळत होतं. साऱ्या आळीत दुपटी वाळेनात, तर आमच्या खोलीत तासाभरात कोरडी ठणठणीत. आजूबाजूच्या बाळंतिणींची दुपटी यायला लागली, मग कुणाच्या पोरांची दप्तरं, कुणाचे ओले पापड. आत्या दारात उभी राहून "आधी आमच्या बाळाची, मग तुमची" म्हणत सगळ्यांना ओळीने बसवायची. आवाजात केवढा तोरा. जसं काही सगळं तिनेच काढलं होतं.

आणि एके सकाळी, बाळंतिणीचं न्हाणं उरकलं न उरकलं तोच, वीज गेली. वाऱ्याने कुठेतरी खांब पडला होता. दुपार झाली तरी आली नाही. गारठा असा की हाताची बोटं वळेनात. लेक पांघरूण ओढून पडली होती, बाळ कुरकुरत होतं. आत्या आतबाहेर करत होती, करत होती, आणि मग दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने मला वास आला. मी पडवीत धावले. शेजारून मागून आणलेली शेगडी आत्याने पेटवली होती. कोळसे फुलले होते आणि ती सुपाने वारा घालत होती.

मालक खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे लाथेने उडवणार ती शेगडी, आणि इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर येणार. आत्या शेगडी उचलून दाराशी आली.

"पोर गारठेल, भाऊ. वाट सोड."

मालकांनी वाट सोडली. देवाशप्पथ सांगते, ते बाजूला झाले. म्हणाले, "ताई, नात तुझी, लेक तुझी. तूच वाढवलीस. आधी एकदा खाली हात लाव, मग ठेवायची तर ठेव. तू म्हणशील ते."

आत्याने शेगडी उंबऱ्याबाहेर ठेवली. आत गेली, गुडघ्यावर बसली, गोधडीची कड उचलून बाजेखाली हात घातला. खांद्यापर्यंत घातला. वाळू आणि दगड, सकाळची ऊब पोटात धरून बसलेले. आत्याचा हात बाहेर येईना.

"ऊब हाय," ती म्हणाली.

तिथेच बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, लेकीला जाग येऊ नये म्हणून पदर तोंडात धरून. मग म्हणाली, "तवा मीच ठेवली होती रे भाऊ. शेगडी. तुला ठावं होतं ना? तू कधी बोलला नायस. एवढी वर्सं कधी बोलला नायस. मला वाटायचं, आज बोलशील, उद्या बोलशील."

मालक उंबऱ्यात खाली बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मी काय बोलणार, ताई?" ते म्हणाले. "तू पोरीला घेऊन बाहेर आलीस तेव्हा दार उघडं होतं. पावसाची झड आत येत होती. पोरीच्या आईला झोप लागली होती. दार मी ओढून घेतलं."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मी बाहेर जायला हवं होतं, पण गेले नाही. बाहेर उंबऱ्यापाशी शेगडीवर पावसाचे थेंब पडून चरचरत होते, आणि कुणी ती उचलून आत घ्यावी असं कुणाच्याच मनात आलं नाही. एवढी वर्षं दोघं एकाच घरात, एकाच चुलीचं जेवत होती. तिला वाटत होतं दोष तिचा, आणि त्यांना ठाऊक होतं की दोष त्यांचा. मला त्या क्षणी त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की सांगता यायचं नाही. आजही वाटतो.

बाळ रडायला लागलं. आत्याने डोळे पुसले, बाळाला उचलून आईजवळ दिलं, आणि मग तिचा नेहमीचा आवाज परत आला.

"ऊठ आता, भाऊ. बाळंतिणीच्या खोलीत बाप्यांचं काय काम?"

मालक उठले. बाहेर पडताना सवयीने त्यांचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"राहू दे उघडं," आत्या म्हणाली. "ऊब कुठं जात नाय."